डॉक्टर लूसी विल्स

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अलीकडे बाळंतपण झालें आहे, त्यांनीं सरकारी दवाखान्यांतून गरोदर स्त्रियांस मिळणाऱ्या रक्तवाढीच्या गोळ्या पाहिल्या असतीलच. त्या गोळींत दोन द्रव्यें असतात. एक लोह व दुसरें फॉलिक आम्ल. ह्या दुसऱ्या द्रव्याचा माग प्रथम आपल्या मुंबईंत, गोरगरीब स्त्रियांच्या दुखण्यावरून लागला, आणि तो एका इंग्रज डॉक्टरबाईंनीं लावला, ही गोष्ट मात्र थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून त्या बाईंचें चरित्र आज थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लूसी विल्स ह्यांचा जन्म ता. १० मे १८८८ रोजीं इंग्लंडांत बर्मिंगहॅम शहराजवळील सटन कोल्डफील्ड येथें झाला. घराणें सुखवस्तु व विद्येची आवड असलेलें होतें. पुढें केंब्रिज येथील न्यूनॅम कॉलेजांत त्यांनीं वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र ह्यांचा अभ्यास करून इ. स. १९११ मध्यें परीक्षा दिली. परंतु त्या काळीं केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांची परीक्षा घेई, पण त्यांस पदवी देत नसे. ती रीत इ. स. १९४८ पर्यंत चालू होती. त्याच सुमारास त्यांचे वडील वारले, आणि दोन वर्षांनीं वडील बहीणही गेली. इ. स. १९१४ मध्यें पहिलें महायुद्ध सुरू झालें, तेव्हां त्या दक्षिण आफ्रिकेंत होत्या. तेथें केपटाउन शहरीं त्यांनीं कांहीं काळ शुश्रूषेचें काम केलें. परत आल्यावर इ. स. १९१५ मध्यें त्यांनीं लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेंत नांव घातलें, आणि इ. स. १९२० मध्यें, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, त्या डॉक्टर झाल्या. तथापि दवाखाना थाटून धन मिळविण्याच्या मार्गास न लागतां त्यांनीं रॉयल फ्री रुग्णालयांत राहून गरोदरपणांतील रोगांचा शोध करण्याचें काम पत्करिलें.

आतां मुंबईकडे वळूं. त्या दिवसांत तेथील गरोदर स्त्रियांमध्यें एक भयंकर रक्तक्षय आढळत असे. दिवस भरत आले म्हणजे स्त्री पांढरीफटक पडे, चार पावलें चालतांच तिला धाप लागे, पाय सुजत, जीभ लाल होऊन सोलल्यासारखी होई. पुष्कळ वेळां माता प्रसूतीच्या सुमारास दगावे, आणि कित्येकदां मूलही तिच्याबरोबर जाई. रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहतां तांबडे रक्तकण संख्येनें फार थोडे, परंतु आकारानें मोठे दिसत. शरीरांत लोह कमी पडल्यानें जो नेहमींचा रक्तक्षय होतो, त्यांत रक्तकण लहान होतात; तेव्हां हा रोग निराळा होता हें उघड होतें. प्रसूतीच्या वेळीं मरणाऱ्या मातांविषयीं त्या वेळीं चौकशी चालू होती. तींत भाग घेण्याविषयीं डॉक्टर मार्गारेट बाल्फर ह्यांनीं विनंती केल्यावरून, लेडी टाटा स्मारक निधीच्या साहाय्यानें, इ. स. १९२८ मध्यें लूसी विल्स मुंबईस आल्या व परळ येथील हाफकिन संस्थेंत काम करूं लागल्या.

त्यांच्या कामाची रीत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. रक्त तपासून त्या थांबल्या नाहींत. कोणत्या वर्गाच्या स्त्रिया काय खातात, कशा ठिकाणीं राहतात, आणि त्यांपैकीं कोणास हा रोग जडतो, ह्याची त्यांनीं बारकाईनें नोंद केली. ह्या कामीं मेहता, तळपदे व बिलिमोरिया ह्या सहकाऱ्यांचें त्यांस साहाय्य होतें, व त्यांचीं नांवें त्या वेळच्या निबंधांवर विल्सबाईंच्या नांवाबरोबर छापलेलीं आहेत. चौकशीअंतीं असें दिसलें कीं, ज्यांचें अन्न सर्वांत निकृष्ट, अशा गरीब मुसलमान स्त्रियांतच हा रोग सर्वांत अधिक होता. म्हणजे रोगाचें मूळ चुलीवरच्या मडक्यांत शोधावयास पाहिजे होतें.

पुढें त्यांनीं उंदरांस त्याच निकृष्ट प्रकारचें अन्न देऊन पाहिलें. गाभण उंदीर रक्तक्षयानें मरूं लागले, व अन्नांत यीस्ट, म्हणजे किण्व, घातलें असतां वांचूं लागले. मागाहून असें आढळलें कीं, उंदरांचा तो रक्तक्षय उवांनीं पसरविलेल्या एका जंतूमुळें होत होता. स्त्रियांच्या रोगाशीं तो सर्वस्वीं जुळत नव्हता. परंतु ही वाट आडवळणाची असली तरी तिनें शेवटीं योग्य ठिकाणींच पोहोंचविलें. कारण तेंच किण्व मुंबईच्या रुग्णालयांतील स्त्रियांस देऊन पाहावें असें विल्सबाईंच्या मनानें घेतलें. मारमाइट नांवाचा, किण्वापासून केलेला, काळा खारट अर्क इंग्लंडांत पावाला लावून खाण्याचा प्रघात होता. तो देतांच थोड्या दिवसांत स्त्रियांस भूक लागूं लागली, रक्तांत नवे कण दिसूं लागले, आणि ज्यांची आशा सुटली होती अशा स्त्रिया उठून बसल्या. यकृताच्या महाग औषधाच्या मानानें हा अर्क स्वस्त होता, ही गोष्ट गरिबांच्या दृष्टीनें थोडी नव्हे. इ. स. १९३१ मध्यें हा वृत्तांत ब्रिटिश मेडिकल जर्नल ह्या पत्रांत प्रसिद्ध झाला. पुढें माकडांस हीन अन्न देऊन तसाच रक्तक्षय उत्पन्न करतां येतो, असेंही त्यांनीं दाखविलें. कुन्नूर येथील पाश्चर संस्थेंत व मद्रास येथील कास्ट अँड गोशा रुग्णालयांतही त्यांनीं कांहीं काळ काम केलें.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट त्यांनीं सिद्ध केली. इंग्लंड-अमेरिकेंत ह्यासारखाच दिसणारा एक घातक रक्तक्षय होता, व तो यकृताच्या अर्कानें बरा होई. परंतु अर्क जों जों अधिक शुद्ध करावा, तों तों तो त्या रोगास लागू पडे, पण मुंबईच्या स्त्रियांस मात्र उपयोगीं पडेना. ह्यावरून त्यांनीं अनुमान काढलें कीं, दोन रोगांस दोन निरनिराळीं द्रव्यें लागतात. तें अज्ञात द्रव्य पुष्कळ वर्षें विल्स घटक ह्याच नांवानें ओळखिलें जाई.

त्याचें कोडें पुढें उलगडलें. इ. स. १९४१ मध्यें अमेरिकन शास्त्रज्ञांनीं चार टन पालकाच्या भाजीतून एक द्रव्य वेगळें केलें, व पानापासून निघालें म्हणून पान ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल असें नांव दिलें. इ. स. १९४५ च्या सुमारास तें कृत्रिम रीतीनेंही तयार होऊं लागलें. शरीरांत नवे कण निर्माण होण्यास हें द्रव्य अवश्य लागतें; पोटांत गर्भ वाढत असतां त्याची गरज फार वाढते. दुसऱ्या रोगास लागणारें द्रव्य, म्हणजे बी-बारा जीवनसत्त्व, इ. स. १९४८ मध्यें हातीं आलें. विल्सबाईंचें अनुमान खरें ठरलें.

इ. स. १९४७ मध्यें त्या रॉयल फ्री रुग्णालयांतून निवृत्त झाल्या, तथापि काम सुटलें नाहीं. जमेका, फिजी व दक्षिण आफ्रिका येथें जाऊन लोकांच्या अन्नाचा व रक्ताचा त्यांनीं अभ्यास केला, आणि लंडनच्या चेल्सी भागाच्या नगरसभेंतही सेवा केली. त्या अविवाहित होत्या. राहणी साधी असे, आणि रुग्णालयांत त्या सायकलीवर बसून जात. ता. १६ एप्रिल १९६४ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यानंतर इ. स. १९९१ मध्यें एका मोठ्या परीक्षेवरून असें दिसून आलें कीं, गर्भ राहण्यापूर्वींपासून फॉलिक आम्ल घेतल्यास बालकाच्या पाठीच्या कण्यांत व मेंदूंत होणारीं व्यंगें पुष्कळ अंशीं टळतात. हें फळ पाहावयास मात्र त्या राहिल्या नाहींत.

वाचकहो, हें चरित्र वाचून बाजूस ठेवण्यासारखें नाहीं. आजही आपल्या खेड्यांत गरोदर स्त्री घरांतील सर्वांचें जेवण झाल्यावर उरलेलें खाते, आणि अमुक भाजी बाधते, तमुक डाळ वर्ज्य, असें सांगून वडील बायका तिच्या ताटांतील पदार्थ काढून घेतात. आमचे जे उपदेशक व शिक्षक बंधु घरोघर जातात, त्यांनीं ही गोष्ट सासूबाईंस व घरधन्यास समजावून सांगावी. मेथी, पालक, चवळी, हरभरा, मूग व शेंगदाणे ह्यांत हें द्रव्य आहे. भाजी फार वेळ शिजविल्यानें तें नाश पावतें; म्हणून ती थोडीच शिजवावी, व तिचें पाणी फेकून देऊं नये. परंतु रक्तक्षय सर्व एकाच कारणाचा नसतो, आणि पुष्कळांस लोहच कमी असतें. म्हणून केवळ भाजीवर विसंबूं नये. दिवस गेल्याचें कळतांच स्त्रीस आरोग्यकेंद्रांत न्यावें, रक्त तपासून घ्यावें, आणि गोळ्या मिळतील त्या उशाखालीं न ठेवतां, सांगितलेले दिवस पुऱ्या होईपर्यंत, तिला खावयास लावाव्यात.

मुंबईच्या ज्या स्त्रियांच्या रक्ताच्या थेंबांवरून हें ज्ञान जगास मिळालें, त्यांचीं नांवें कोणत्याही पुस्तकांत नाहींत. त्यांच्या दुःखांतून निघालेलें औषध त्यांच्याच देशांतील मातेपर्यंत पोहोंचूं नये, ह्याहून खेदाची गोष्ट ती कोणती?