अ‍ॅलन ट्यूरिंग : किल्ली कोणी निवडावी?

बँकेचे अ‍ॅप असो वा तिकीट आरक्षणाचे संकेतस्थळ, एका संगणकाने दुसऱ्याकडे माहिती मागितली की आधी ओळख पटवावी लागते. त्यासाठी अक्षरे-अंकांची एक लांबलचक, निरर्थक माळ पुढे केली जाते. आज्ञावली लिहिणारे तिला ‘एपीआय की’ किंवा ‘अ‍ॅक्सेस टोकन’ म्हणतात. निरर्थक असणे हेच तिचे बळ. तिचा अंदाज कोणालाही बांधता येता कामा नये. किल्ली निवडण्यातील ढिलाई किती महागात पडते, हे ज्यांनी शत्रूच्या चुकांतून पाहिले आणि पुढे संगणकालाच अनपेक्षित आकडे देण्याची सोय करवून घेतली, ते ब्रिटिश गणितज्ञ म्हणजे अ‍ॅलन ट्यूरिंग.

त्यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते, तर आई सारा यांचा जन्म आजच्या तामिळनाडूतील पोदनूरचा. आई-वडील बराच काळ भारतात असल्याने अ‍ॅलन आणि त्यांचे थोरले बंधू इंग्लंडमध्ये परक्या कुटुंबात वाढले. पुढे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गणिताचे शिक्षण घेऊन ते तेथेच फेलो झाले. १९३६ मध्ये त्यांनी एका कल्पित यंत्राची मांडणी केली. ठरावीक नियमांनी चालणारे हे यंत्र काय मोजू शकते आणि काय नाही, हे त्यांनी सिद्ध केले. नियमाने चालणारे यंत्र त्याच सुरुवातीपासून त्याच उत्तराला पोहोचते. गणितात हा गुण. गुप्त किल्ली बनवताना मात्र तोच दोष ठरतो.

दुसरे महायुद्ध सुरू होताच, सप्टेंबर १९३९ मध्ये ट्यूरिंग ब्लेचली पार्क येथे रुजू झाले. जर्मन सैन्याचे ‘एनिग्मा’ यंत्र पोलंडच्या गणितज्ञांनी आधीच भेदले होते. ते श्रेय त्यांचेच. मात्र जर्मनांनी पद्धती बदलल्याने काम पुन्हा अवघड झाले होते. चक्रांची निवड, त्यांची मांडणी आणि वायरींच्या जोड्या मिळून शक्यतांची संख्या १५९ वर १८ शून्ये एवढी भरत असे. एकेक शक्यता तपासणे अशक्यच. पण प्रत्येक संदेशासाठी चक्रे कोठून सुरू करावीत, ती तीन अक्षरे भूदल आणि हवाई दलात चालक आपल्या मनाने निवडत. अशा १७,५७६ जुळण्या शक्य असताना थकलेला चालक कळफलकावरील शेजारशेजारची अक्षरे दाबी, मैत्रिणीच्या नावाची आद्याक्षरे घेई, नाहीतर बर्लिन शहराचे नाव तीन-तीन अक्षरांत तोडून वापरी. ब्लेचलीतील मंडळी नेमकी हीच सवय हेरत. यंत्र मजबूत होते, माणूस कच्चा निघाला.

नौदलात ही मुभा नव्हती. तेथे अक्षरे छापील पुस्तकातून घेऊन तक्त्यांच्या आधारे पुन्हा लपवली जात. म्हणूनच नौदलाचा एनिग्मा सर्वांत चिवट ठरला आणि इतर कोणी हात घालत नसलेले ते काम ट्यूरिंग यांनी अंगावर घेतले. ही पद्धत कशी चालते, हे त्यांनी १९३९ अखेर ताडले. तरीही जर्मन जहाजांवरची कागदपत्रे १९४१ मध्ये हाती लागेपर्यंत संदेश नियमित वाचता आले नाहीत. अटलांटिकमध्ये पाणबुड्या ब्रिटनची मालवाहू जहाजे बुडवत असतानाचा हा विलंब होता.

१९४८ मध्ये ट्यूरिंग मँचेस्टर विद्यापीठात गेले. १९५१ मध्ये तेथे आलेल्या फेरांटी मार्क वन या संगणकात त्यांच्या सूचनेवरून एक आगळी आज्ञा बसवण्यात आली. ती देताच विद्युत मंडलातील नैसर्गिक गोंगाटातून अनपेक्षित अंक मिळत. नियमबद्ध यंत्राची मर्यादा सिद्ध करणाऱ्यानेच यंत्राबाहेरच्या गोंगाटाला आत वाट करून दिली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आजच्या संगणकप्रणालीही उपकरणांतील अशीच अनिश्चितता गोळा करून किल्ल्या घडवतात. सर्वसाधारण आज्ञावलीतील ‘रँडम’ मात्र दिसते तसे नसते. पायथन भाषेतील त्या नावाच्या साधनाचे ३२ बिटांचे ६२४ आकडे सलग पाहिले, तर पुढचे सारे आकडे काढता येतात. म्हणून गुप्त किल्ल्यांसाठी २०१६ पासून त्या भाषेत ‘सिक्रेट्स’ हे वेगळे साधन आले. त्यातून ३२ बाइटांची किल्ली एका ओळीत मिळते. तरीही घोटाळे होतातच. डेबियन प्रणालीत २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या एक-दोन ओळी वगळल्याने अनिश्चिततेचा झराच आटला. प्रत्येक प्रकारच्या किल्लीसाठी जेमतेम ३२ हजार शक्यता उरल्या. मे २००८ मध्ये ते उघड झाले, तेव्हा असंख्य सर्व्हरांच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या.

ट्यूरिंग हे पाहायला नव्हते. समलिंगी संबंधांबद्दल १९५२ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. तुरुंग टाळण्यासाठी त्यांना संप्रेरकांचे उपचार पत्करावे लागले आणि सरकारी गुप्तलेखनाच्या कामाचे दारही बंद झाले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत ती आत्महत्या ठरवण्यात आली. ब्रिटिश सरकारने २००९ मध्ये माफी मागितली, राजमाफी २०१३ मध्ये मिळाली. सारा ट्यूरिंग यांनी १९५९ मध्ये मुलाचे चरित्र प्रसिद्ध केले. ब्लेचलीची हकिगत जाहीरपणे छापली गेली १९७४ मध्ये; त्यामुळे मुलाने युद्धात नेमके काय केले, हे त्या चरित्रात आईला लिहिता आले नाही.