मातीचे घर बांधणाऱ्या मीराबेन

आपल्या किन्हवली परिसरात कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचे लिंपण आणि वर कौले, असे घर अजूनही एखाद्या पाड्यावर दिसते. ते आपण गरिबीचे लक्षण समजतो. हाती चार पैसे आले की माणूस पहिल्याने कूडच मोडतो. अशा वेळी मीराबेन आठवतात. त्या बंगला सोडून मातीच्या घराकडे आल्या.

मॅडेलीन स्लेड यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडात झाला. वडील ब्रिटिश आरमारातील मोठे अधिकारी. त्यांची नेमणूक मुंबईस असताना ऐन तारुण्यात त्या येथे राहून गेल्या. पण मेजवान्यांपलीकडचा हिंदुस्थान त्यांना दिसला नाही. पुढे बीथोव्हेनच्या संगीताच्या ओढीने त्या फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ यांच्याकडे गेल्या, आणि तेथे त्यांना गांधीजींची ओळख झाली. सूतकताई, शाकाहार व जमिनीवर बसणे यांचा सराव करून नोव्हेंबर १९२५ मध्ये त्या साबरमतीस आल्या. गांधीजींनी त्यांचे नाव मीरा ठेवले.

१९३६ साली गांधीजींनी वर्ध्याजवळच्या शेगावात राहण्याचे ठरवले. मीराबेन आधीच तेथे जाऊन राहिल्या होत्या, म्हणून घराचे काम त्यांच्याकडे आले. अटी दोनच होत्या. खर्च पाचशे रुपयांवर जाऊ नये आणि सामान व मजूर जवळपासचेच असावेत. माती, बांबू, लाकूड, कौले हेच साहित्य आणि गावकऱ्यांचेच हात. त्यातून आदिनिवास उभा राहिला. मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली दुसरी झोपडी पुढे गांधीजींचे घर झाली. तीच बापूकुटी. तिच्या भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा मीराबेनच्या हातचे आहेत. साधे घर म्हणजे रूपहीन घर नव्हे, हे त्या चित्रांनी दाखवले. पत्रे विदर्भातल्याच दुसऱ्या शेगावला जाऊ लागल्याने १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले.

१९४२ च्या लढ्यात गांधीजींबरोबर त्यांनाही पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध केले गेले. स्वातंत्र्यानंतर हिमालयाच्या पायथ्याशी गोसेवा करताना तेथील ओकवृक्षांची जंगले जाऊन चीड पसरत असल्याचे त्यांनी पाहिले व पुराच्या धोक्याकडे लक्ष वेधले. १९५९ मध्ये त्या युरोपास परतल्या. २० जुलै १९८२ रोजी ऑस्ट्रियात त्यांचे निधन झाले.

मातीच्या घराला कष्ट पडतात, हे आपल्या आयांना विचारावे. दरवर्षी शाकारणी, दर आठवड्याला सारवण, आणि वाळवी तर पाचवीला पुजलेली! हे कष्ट एकट्या बाईच्या माथी पडले तर कूड मोडणारच. त्यात कुणाचा दोष नाही. पूर्वी मात्र शाकारणीला आळी जमत असे. आज विटा आणि सिमेंट बाहेरून येतात, बांधणारे बाहेरून येतात आणि कर्ज घरात राहते. बापूकुटी आजही उभी आहे, कारण तिची डागडुजी करणारे हात आहेत. आपल्या पाड्यांवरही कूड विणणारे जाणते हात अजून आहेत. ते आहेत तोवर आपण त्यांच्याकडून शिकून घेतले पाहिजे.