लोककल्याणकारी प्रशासक : महाराजा सयाजीराव गायकवाड

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात ११ मार्च १८६३ रोजी एका शेतकरी कुटुंबात गोपाळरावांचा जन्म झाला. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्यांना अक्षरओळखही नव्हती. १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि दत्तकविधानाने हाच मुलगा सयाजीराव या नावाने बडोद्याच्या गादीवर बसला. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे त्यांच्या हाती आली.

हुकूम सर्वच राजे काढीत. तो शेवटच्या गावापर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहण्याचा ध्यास मात्र सयाजीरावांनी घेतला. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यांनी एकदम साऱ्या राज्यावर लादला नाही. १८९३ मध्ये अमरेली भागातील काही गावांत प्रथम प्रयोग केला आणि त्या अनुभवाच्या बळावर १९०६ मध्ये तो राज्यभर लागू केला. शिकलेला माणूस पुन्हा निरक्षर होऊ नये, म्हणून १९१० नंतर ग्रंथालयांचे जाळे उभारले. फिरत्या ग्रंथपेट्या खेड्यांत धाडल्या. अस्पृश्य मुलांच्या शाळांवर जाण्यास सवर्ण शिक्षक तयार होईनात, तेव्हा मुसलमान व आर्यसमाजी शिक्षक नेमले. पण शाळा बंद पडू दिल्या नाहीत.

त्यांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. कराराप्रमाणे १९१७ मध्ये ते बडोद्याच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा कचेरीतील शिपाई त्यांच्याकडे कागद दुरून फेकीत आणि शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. अल्पावधीतच त्यांना बडोदे सोडावे लागले. राजाची इच्छा निर्मळ होती. पण ती कचेरीच्या टेबलापर्यंत झिरपली नव्हती. शासन कितीही पुरोगामी असो, त्याची खरी परीक्षा सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाच्या वागणुकीत होते, हे कटू सत्य या प्रसंगाने दाखवून दिले. राज्यघटना कितीही चांगली असली तरी ती राबविणारी माणसे चांगली हवीत, हा इशारा पुढे बाबासाहेबांनी संविधान सभेत दिला. त्यामागे असे अनुभव उभे होते.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराजांचे मुंबईत निधन झाले. आज आपल्या वसतिगृहांतून शिकून गेलेली मुले शासकीय कचेऱ्यांत बसतात. समोर उभ्या असलेल्या दुबळ्या माणसाचे काम त्यांनी सन्मानाने आणि वेळेवर करावे. महाराजांचे अपुरे राहिलेले कार्य त्यातूनच पूर्ण होईल. या प्रजाहितदक्ष राजास विनम्र अभिवादन!