देवाच्या दरबारातील कवी

मराठी वाचक रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ओळखतो तो 'फुलामुलांचे कवी' म्हणून. 'केवढे हे क्रौर्य!' या कवितेतील बाणाने विद्ध झालेली पक्षिणी शाळेच्या बाकावर भेटते आणि पुढे जन्मभर स्मरणात राहते. परंतु ज्या श्रद्धेपायी या कवीने दोनदा आपला संसार पणाला लावला, ती श्रद्धा मात्र त्यांच्या कवितेच्या लौकिकाआड काहीशी झाकोळून गेली.

६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात टिळकांचा जन्म झाला. आईचे छत्र लहानपणीच हरपले. नाशिकला संस्कृतचे अध्ययन झाले, कविता फुलली, कीर्तने-व्याख्याने गाजू लागली. मात्र वृत्ती अस्थिर होती. एका गावी बिऱ्हाड थाटावे आणि मन उडाले की मोडावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. विद्येला मान होता, पण मनाला स्वस्थता नव्हती.

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. कवितेवरून निघालेले बोलणे धर्मापर्यंत पोहोचले आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला. दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने वर्तवले. टिळकांना ते त्या वेळी अशक्य वाटले. परंतु वाचता वाचता येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. अनेक वर्षांच्या प्रश्नांची उत्तरे त्यांना तेथे सापडली.

श्रद्धा मनातच जपून बाह्य आचार पूर्ववत ठेवणे, हा सोपा मार्ग त्यांच्यापुढे होता. त्यात घर टिकले असते, ज्ञातीत मान राहिला असता. टिळकांनी तो मार्ग नाकारला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी पत्नी लक्ष्मीबाई आणि चिमुकला दत्तू त्यांना दुरावले. पुढची काही वर्षे लक्ष्मीबाईंनी पंढरपूर व अन्यत्र नातलगांच्या आश्रयाने काढली. श्रद्धेची किंमत टिळकांनी स्वेच्छेने मोजली. लक्ष्मीबाईंवर मात्र ती लादली गेली. अखेर त्या पतीकडे परतल्या आणि स्वतः विचार करून १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हा सारा काळ कोणतीही कटुता न ठेवता रंगवला आहे.

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत टिळक स्थिरावले. अध्यापन, धर्मोपदेश आणि 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन, अशी प्रतिष्ठेची कामे त्यांच्याकडे आली. हाती आलेला पैसा मात्र घरात टिकत नसे. गरजवंत दिसला की खिसा रिकामा होई आणि अनाथ मुलांना घराचे दार सदैव उघडे असे. तरुण बालकवी ठोंबरे यांनाही या दांपत्याने पोटच्या मुलासारखे सांभाळले. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी टिळकांची धारणा होती. म्हणूनच मराठी चर्चमध्ये त्यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन आणले. त्यांची भक्तिगीते मराठी ख्रिस्ती उपासनेचा प्राण ठरली.

एवढे स्थैर्य लाभल्यावर माणूस सुखाने विसावतो. टिळकांना हे स्थैर्यच खुपू लागले. एकेकाळी जातीतील मानमरातब हा मोह होता. आता मिशनचा नियमित पगार आणि पदाची प्रतिष्ठा हाही मोहच ठरतो आहे, असे त्यांना जाणवले. ख्रिस्ताच्या सेवकाने परदेशी संस्थेच्या आधारावर जगावे आणि आपल्या देशबांधवांना परका वाटावा, हे त्यांना सहन होईना. १९१७ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांनी मिशनच्या सेवेचा राजीनामा दिला, पगार सोडला आणि संन्यस्त वृत्ती स्वीकारली. साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू झाला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सारेच अनुयायी तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यामागील कल्पना होती. पहिल्या त्यागाच्या वेळी दूर असलेल्या लक्ष्मीबाई या वेळी त्यांच्यासोबत होत्या.

दरबार बहरण्यास अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ज्या श्रद्धेने एकेकाळी संसार दुभंगला होता, त्याच श्रद्धेचे ते काव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. टिळकांनी मागे संपत्ती ठेवली नाही, संस्थाही फार काळ टिकली नाही. मात्र मराठी चर्चमधून उमटणाऱ्या त्यांच्या अभंगांना ना पगाराचा आधार लागला, ना पदाचा.