विश्लेषण : विमानाला दहा अश्वशक्ती जास्त मिळाली तर काय बदलतं? ‘एचटी-२’ घडवणाऱ्या डॉ. घाटगे यांची गोष्ट

मनमाड : मुंबईहून मनमाडला येणारी जड गाडी कसारा घाट चढते तेव्हा तिला जादा ‘बँकर’ इंजिनं जोडतात. घाट संपला की ती सोडून देतात. विमानाला ही सोय नाही. जी काही ताकद लागेल ती नाकावरच्या एकाच इंजिनातून काढायची आणि त्या इंजिनाचं वजनही विमानानंच उचलायचं. स्वतंत्र भारतात हा हिशेब सर्वात आधी ज्यांना सोडवावा लागला, त्यांत एक मराठी नाव ठळक आहे : डॉ. विष्णू माधव घाटगे.

आपल्या जिल्ह्यात ओझरला ‘एचएएल’च्या कारखान्यात आज तेजस लढाऊ विमान आणि ‘एचटीटी-४०’ हे प्रशिक्षण विमान तयार होतं. भारतीय प्रशिक्षण विमानांची सुरुवात मात्र घाटगे यांच्या ‘एचटी-२’पासून झाली.

कोण होते डॉ. घाटगे?

जन्म २४ ऑक्टोबर १९०८. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीतील गॉटिंगेनला गेले. तिथे त्यांचे गुरू होते लुडविग प्रांटल. विमानाच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचं गणित ज्यांनी मांडलं, तेच हे शास्त्रज्ञ. १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवून घाटगे भारतात परतले.

डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीनं बंगळूरला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ हा कारखाना काढला. घाटगे त्याच्या सुरुवातीच्या अभियंत्यांपैकी एक. युद्धाच्या काळात त्यांनी तिथे दहा आसनी ग्लायडरचा आराखडा केला. १९४२ मध्ये बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकी विभाग सुरू झाला, त्याची धुराही त्यांनीच सांभाळली. पुढे ते मुख्य डिझायनर म्हणून कारखान्यात परतले.

‘एचटी-२’मध्ये विशेष काय?

हवाई दलाचे नवे वैमानिक तेव्हा ब्रिटिशांच्या ‘टायगर मॉथ’ या दोन मजली पंखांच्या विमानावर शिकत. त्याच्या जागी एकपंखी, धातूचं, दोन आसनी विमान हवं होतं. घाटगे यांच्या टीमनं ते आखलं. ऑगस्ट १९५१ मध्ये पहिला नमुना उडाला. भारतात आखून भारतातच बांधलेलं हे पहिलं इंजिनाचं विमान.

या पहिल्या नमुन्यात १४५ अश्वशक्तीचं ‘जिप्सी मेजर’ इंजिन होतं. फेब्रुवारी १९५२ मध्ये उडालेल्या दुसऱ्या नमुन्यात १५५ अश्वशक्तीचं ‘सिरस मेजर’ होतं. उत्पादनासाठी हेच पुढे कायम झालं.

फक्त दहा अश्वशक्तीनं काय होतं?

वेग फारसा वाढत नाही. वेग दुप्पट करायचा तर ढोबळमानानं आठपट ताकद लागते. त्यामुळे सात टक्के जादा ताकदीतून वेग दोन-अडीच टक्केच वाढतो.

खरा फायदा चढाईत आहे. सरळ उडण्यासाठी लागणारी ताकद वजा जाता जी उरते, तीच विमानाला वर नेते. ‘एचटी-२’चं भरलेलं वजन साधारण एक टन. इतक्या वजनाला दहा अश्वशक्ती जादा मिळाली, तर प्रोपेलरमधली गळती धरूनही ते मिनिटाला सुमारे ३० मीटर जास्त चढू शकतं. धावपट्टीच्या टोकाला झाडं असतील आणि समोर शिकाऊ वैमानिक बसला असेल, तर हे ३० मीटर फार महत्त्वाचे.

त्यात बंगळूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळपास ८९० मीटर उंचीवर. तिथे हवा विरळ, म्हणून सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कमी. अशा साध्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण तीन टक्के घटते. म्हणजे कागदावर १५५ असलेलं इंजिन तिथे १४०च्या आसपासच देतं.

मग इंजिन जास्त वेगानं का फिरवत नाहीत?

ही दोन्ही इंजिनं सहा लिटरहून मोठी. आजच्या कारचं दीड लिटरचं टर्बो इंजिनही तेवढी ताकद देतं. मग विमानाचं इंजिन मागास का?

कारण प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर असतो. दोन मीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला २,५०० फेरे घेतो तेव्हा त्याची टोकं ताशी ९४० किलोमीटरनं फिरतात. फेरे ३,५०० केले तर हा वेग १,३०० च्या वर जातो, म्हणजे आवाजाच्याही पुढे. मग आवाज वाढतो आणि ताकद वाया जाते. कॉम्प्रेशन वाढवलं तर उष्णता वाढते, नॉकिंगचा धोका येतो आणि जास्त ऑक्टेनचं इंधन लागतं. मोठं इंजिन बसवलं तर नाक जड होतं, गुरुत्वमध्य सरकतो आणि सगळा तोल पुन्हा जमवावा लागतो.

पुढे काय झालं?

सप्टेंबर १९५८ मध्ये फ्लाइंग क्लबसाठीचं ‘पुष्पक’ उडालं, ९० अश्वशक्तीचं. त्याच आराखड्याला रुंद करून ‘कृषक’ आलं. लष्कराच्या टेहळणीसाठी बनलेल्या ‘कृषक’मध्ये २२५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. ताकद अडीचपट झाली, पण विमानाचं कमाल वजनही दुपटीच्या पुढे गेलं. १९६४ मध्ये ‘किरण’ या जेट प्रशिक्षण विमानानं भरारी घेतली. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली.

दीडशेहून अधिक ‘एचटी-२’ बनली, काही घानालाही गेली. नंतरच्या काळात काही विमानांत १६० अश्वशक्तीचं अमेरिकी ‘लायकमिंग’ बसवण्यात आलं. ‘एचटी-२’ची जागा घेणाऱ्या ‘एचपीटी-३२’ला २६० अश्वशक्तीचं इंजिन होतं. पण इंजिन हवेत बंद पडण्याच्या तक्रारी आणि जीवघेण्या अपघातांनंतर २००९ मध्ये ते जमिनीवर बसवावं लागलं. ताकद मोठी असली तरी भरवसा नसेल तर उपयोग नाही, हा त्यातला महागडा धडा.

आज हे का महत्त्वाचं?

जिप्सी आणि सिरस ब्रिटिश, लायकमिंग अमेरिकी. घाटगे यांनी सांगाडा, पंख, तोल सगळं इथे आखलं, पण इंजिन मात्र परदेशी कंपनीच्या यादीतून निवडावं लागलं. ताकद किती वाढणार, हे त्या यादीत काय मिळतं यावर ठरायचं. आज तेजसचं आणि ‘एचटीटी-४०’चंही इंजिन अमेरिकेतून येतं आणि तेजसची इंजिनं वेळेवर न मिळाल्यानं हवाई दलाला विमानं मिळायला उशीर झाला आहे.

घाटगे यांचं ६ डिसेंबर १९९१ रोजी निधन झालं. विमान आखण्याचं काम त्यांनी या देशाला शिकवलं. त्या विमानासाठी लागणारं इंजिन घडवणं हे काम अजून बाकी आहे. मनमाड-नाशिकच्या पॉलिटेक्निकमध्ये आज इंजिन उघडून बसलेल्या मुलामुलींसाठी ती जागा रिकामी आहे.