समुद्रातून जमीन काढणारे असानो सोइचिरो

कावासाकी म्हटले की आपल्या बहुतेक वाचकांना मोटारसायकल आठवते. परंतु ती ज्यांच्या नावाची ते कावासाकी शोझो हे कोबे येथे जहाजे बांधणारे गृहस्थ होते. त्यांचा आणि कावासाकी शहराचा संबंध केवळ नावापुरता. आम्ही आज ज्या कावासाकीविषयी लिहीत आहोत ते शहर जपानमध्ये तोक्यो आणि योकोहामा यांच्या मधोमध, तोक्योच्या उपसागराच्या काठी आहे. आज तेथे १५ लाखांवर वस्ती आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र तो हमरस्त्यावरील मुक्कामाचा एक साधा गाव होता. आजूबाजूला भातशेती, नासपतीच्या बागा, आणि पुढे उथळ समुद्र. त्या समुद्रात कोळी लोक काठ्या रोवून खाण्याचे शेवाळ पिकवीत. त्याच उथळ समुद्रातून जमीन वर काढून तीवर कारखान्यांची रांग उभी करण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले त्या असानो सोइचिरो यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

असानो यांचा जन्म १८४८ साली जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर, हिमी गावाजवळच्या याबुता या खेड्यात झाला. हा भाग आज तोयामा प्रांतात मोडतो. वडील वैद्य होते. मुलानेही तोच मार्ग धरावा अशी घरच्यांची इच्छा होती, पण मुलाचे मन व्यापारात. पोरवयापासून त्यांनी एकामागून एक धंदे करून पाहिले. कापड विणवले, सोयाबीनचा रस्सा आंबवून विकला, शेतकऱ्यांना मळणीची अवजारे पुरवली. सगळ्यांत खोट आली. जपानी भाषेत तोट्याला सोन म्हणतात. तेव्हा गावकऱ्यांनी सोइचिरोचा सोनइचिरो केला, म्हणजे तोटेराव! कर्ज इतके झाले की १८७१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, या तोटेरावांना गाव सोडून तोक्योची वाट धरावी लागली.

तोक्योत भांडवल कोठून आणणार? ओचानोमिझू नावाच्या भागात थंड पाण्याचा झरा होता. असानो तेथले पाणी घेत, त्यात साखर घालीत आणि उन्हातून जाणाऱ्या-येणाऱ्यांना विकीत. उन्हाळा संपला तसा हा धंदाही संपला. मग ते योकोहामास गेले आणि बांबूच्या कोंबावरची साले विकू लागले. आपल्याकडे पूर्वी वाणी पळसाच्या पानात जिन्नस बांधून देत, तसा तिकडे या सालींचा उपयोग होई. पुढे ते जळाऊ लाकूड आणि दगडी कोळसा विकू लागले. पत्नी साकू या पहिल्यापासून धंद्यात त्यांच्या बरोबरीने राबल्या.

त्यांचे दैव फिरले ते कचऱ्यामुळे. योकोहामात १८७२ साली गॅसचे दिवे लागले. गॅस काढून घेतल्यावर कोळशाचा कोक आणि डांबर उरे. त्यांचे करायचे काय हे कोणालाच सुचेना, म्हणून त्यांचे ढीग पडून राहात. असानो यांनी चौकशी केली, तोक्योतील फुकागावा येथील सरकारी सिमेंटच्या कारखान्यात कोक जळतो की नाही ते तज्ज्ञांकडून तपासून घेतले, आणि तो ढीग स्वस्तात उचलून त्याच कारखान्याला विकला. डांबरापासून जंतुनाशक औषध होते. पटकीची साथ आली तेव्हा डांबरालाही भाव आला. १८७९ साली तर योकोहामा शहरात ६३ सार्वजनिक शौचकूप बांधण्याचे काम त्यांनी घेतले आणि तेथील मैला शेतीच्या खतासाठी विकला. वाचकांनी नाक मुरडू नये. आपले वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवीत. तेल निघाल्यावर उरलेल्या पेंडीचेही पैसे होतात हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. असानो यांचे सारे अर्थशास्त्र या एका गोष्टीत होते. एका धंद्यातले टाकाऊ ते दुसऱ्या धंद्याचा कच्चा माल, आणि जो मधला रस्ता शोधील त्याची कमाई.

या काळात त्यांची शिबुसावा एइइची यांच्याशी ओळख झाली. शिबुसावा हे जपानच्या पहिल्या आधुनिक बँकेचे प्रमुख आणि शेकडो कंपन्यांचे आधारस्तंभ. त्यांच्या कागदाच्या गिरणीला असानो कोळसा पुरवीत. मालक असूनही हा माणूस मजुरांबरोबर काळाकुट्ट होऊन कोळसा वाहतो, हे पाहून शिबुसावा प्रसन्न झाले असे सांगतात. त्या वेळी जपान सरकारने स्वतः काढलेले कारखाने खासगी उद्योजकांच्या हाती देण्यास सुरुवात केली होती. पुढे नागासाकीची जहाजगोदी मित्सुबिशीला मिळाली, मीइकेच्या कोळशाच्या खाणी मित्सुईला मिळाल्या. तोट्यात चाललेला फुकागावाचा सिमेंटचा कारखाना घ्यायला मात्र फारसे कोणी उत्सुक नव्हते. शिबुसावांच्या पाठिंब्याने असानो यांनी तो १८८३ साली भाड्याने घेतला आणि १८८४ साली विकत घेतला. देशात गोद्या, पूल, रेल्वे आणि कारखाने उभे राहायचे होते. विटा-लाकडाच्या देशात सिमेंटला मागणी वाढत गेली आणि पुढे असानो हे सिमेंटचे राजे ठरले.

येथे मुंबईचा संबंध सांगितला पाहिजे. मुंबईचा कापूस जपानच्या गिरण्यांना जाई, पण वाहतूक परदेशी जहाज कंपन्यांच्या मुठीत असल्यामुळे भाडे फार पडे. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला गेले. शिबुसावा आणि टाटा यांच्या सहकार्याने, निप्पॉन युसेन या जपानी कंपनीची कोबे ते मुंबई अशी जहाजे त्याच वर्षी सुरू झाली. मालाइतकीच मालाची वाहतूकही आपल्या हाती हवी, हा धडा असानो यांनीही गिरवला. १८९६ साली त्यांनी तोयो किसेन ही आगबोटींची कंपनी काढली आणि १८९८ पासून तिची जहाजे सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जाऊ लागली.

ही कंपनी काढताना ते अमेरिका आणि युरोप पाहून आले. तेथील बंदरांत मोठी आगबोट थेट धक्क्याला लागते, माल यारीने उचलून समोरच्या कारखान्यात किंवा रेल्वेच्या डब्यात जातो, हे त्यांनी पाहिले. योकोहामात अजून बोट समुद्रात उभी राही आणि माल पडावांतून किनाऱ्याला येई. वेळ जाई, मजुरी जाई, माल भिजे. मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको. कुलाब्याचा ससून डॉक १८७५ साली झाला तोपर्यंत आपल्याकडेही हाच प्रकार होता.

तेव्हा असानो यांनी कल्पना काढली की त्सुरुमी व कावासाकी यांच्यापुढील उथळ समुद्रात भर घालावी, पुढे लाटा अडवणारा बांध घालावा, आणि भरावाच्या पट्ट्यांमध्ये खोल कालवे ठेवावेत, म्हणजे प्रत्येक कारखान्याच्या दारात बोट येईल. समुद्राच्या तळाचा गाळ पंपाने ओढून भिंतीमागे टाकला की एकाच खर्चात इकडे जमीन होते आणि तिकडे कालवा खोल होतो. भिंतींना सिमेंट लागणार, ते त्यांचेच. १९०८ साली त्यांनी सुमारे १५ लाख त्सुबो, म्हणजे जवळजवळ १२०० एकर जमीन काढण्याची योजना सरकारपुढे मांडली. एका माणसाला हे झेपेल असे अधिकाऱ्यांना वाटेना. तेव्हा यासुदा झेनजिरो हे पेढीवाले पुढे आले. चिक्कू म्हणून त्यांची ख्याती, पण त्यांनी स्वतः किनाऱ्यावर जाऊन जागा पाहिली, हिशेब तपासले आणि काम असानो यांनीच चालवावे या बोलीवर पैसा उभा करण्याचे कबूल केले. १९१२ मध्ये मंडळी जमली, १९१३ मध्ये परवानगी मिळून काम सुरू झाले, आणि ते १९२८ च्या सुमारास पुरे झाले.

याच काळात मुंबईत बॅकबेची भरणी चालली होती. गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत ११४५ एकर जमीन काढण्याचे ठरले. म्हणजे दोन्ही योजना जवळजवळ सारख्याच आकाराच्या. पण बॅकबेचा खर्च अंदाजाबाहेर गेला, ओढलेला गाळ भिंतीतून समुद्रात परत जाऊ लागला, वकील नरिमन यांनी कारभाराचे वाभाडे काढले, आणि अखेर सुमारे ४४० एकरांवर काम थांबले. फरक कोठे पडला? आमच्या मते असानो यांच्या योजनेत जमीन कोण वापरणार हे आधीपासून डोळ्यांसमोर होते. त्यांचे जावई शिराइशी मोतोजिरो यांनी १९१२ साली निप्पॉन कोकान ही पोलादी नळ्यांची कंपनी कावासाकीत काढली होती. १९१७ साली असानो यांचा सिमेंटचा नवा कारखाना तेथे सुरू झाला. एकाला दुसऱ्याचा आधार होत गेला. कोळसा बोटीने येई, पोलाद शेजारच्या गोदीला मिळे, सिमेंट सर्वांना लागे. पुढे टाटांच्या जमशेदपूरचे कच्चे लोखंडही जपानच्या पोलाद कारखान्यांकडे मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले.

या भरावावरून जी आगगाडी धावते तिच्या स्टेशनांची नावे मोठी बोलकी आहेत. एक असानो. एक आनझेन, ते यासुदा झेनजिरो यांच्या नावातील अक्षरांवरून. एक मुसाशी-शिराइशी, जावयांचे. शेवटचे ओगिमाची, म्हणजे पंख्याची पेठ, कारण पंखा हे असानो घराण्याचे चिन्ह.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तोटेराव शेवटी नफेराव झाले, गोष्ट संपली. पण चरित्र लिहायचे तर वहीची दोन्ही पाने वाचली पाहिजेत. फुकागावाच्या कारखान्यात १९०३ साली फिरती भट्टी आली आणि शेजाऱ्यांच्या छपरांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर सिमेंटची धूळ बसू लागली. १९११ साली रहिवासी उठले तेव्हा कंपनीला कारखाना हलवण्याचे वचन द्यावे लागले. नंतर विजेच्या साह्याने धूळ पकडणारे अमेरिकन यंत्र बसवले आणि कारखाना तेथेच राहिला. कावासाकीच्या किनाऱ्यावर कोळ्यांचा समुद्र आकसत गेला. युद्धानंतर भरणी आणखी वाढली, आणि १९७० नंतरच्या काही वर्षांत तेथील शेवाळाची शेती कायमची संपली.

असानो ९ नोव्हेंबर १९३० रोजी ८२ व्या वर्षी वारले. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने कावासाकीतील एका कापडगिरणीच्या संपात तानाबे कियोशी नावाचा तरुण गिरणीच्या सुमारे ४० मीटर उंच धुराड्यावर चढून बसला. तो १३० तास वरच होता. बादशहाची गाडी त्या बाजूने जाणार होती, तिच्या आत तडजोड करणे मालकांना भाग पडले. आमच्या पिढीतल्या ज्यांनी गिरणगावातले संप पाहिले आहेत त्यांना यावर अधिक सांगायला नको.

धुराडी मात्र वाढतच गेली. १९६९ साली सरकारने कावासाकीचा कारखान्यांलगतचा भाग प्रदूषणाने होणाऱ्या आजारांचा प्रदेश म्हणून जाहीर केला. १९८२ साली दम्याने पिडलेल्या रहिवाशांनी कंपन्या व सरकार यांच्यावर दावा लावला. कंपन्यांशी समझोता व्हायला १९९६ साल उजाडले आणि सरकारशी १९९९. निप्पॉन कोकानचा वारसा चालवणाऱ्या कंपनीने तेथील शेवटची झोतभट्टी सप्टेंबर २०२३ मध्ये विझवली. आता त्या जमिनीचे पुढे काय करावे याचा विचार नव्याने चालू आहे.

आम्ही अनेक वर्षे मुलांना उद्योगधंद्यांचे धडे शिकवले. त्यात कारखान्यांची यादी असे, उत्पादनाचे आकडे असत. पण मोकळा किनारा कारखान्यांचे शहर कसा होतो, त्यासाठी कोणकोणते धंदे एकमेकांना जोडावे लागतात आणि पेढीवाल्याला पंधरा वर्षे धीर कसा धरावा लागतो, हे असानो यांच्या चरित्रातून जितके उमगते तितके त्या याद्यांतून उमगत नसे. कोक, डांबर, मैला, गाळ, ज्याला इतर लोक घाण म्हणत त्याची किंमत या माणसाने ओळखली. त्यांच्या मागून आलेल्यांनी धुराची किंमत मात्र वहीत धरली नाही. ती शेजारपाजारच्या लोकांच्या छातीतून वसूल झाली, आणि शेवटी न्यायालयाला तो हिशेब करावा लागला. आपली कितीतरी मुले-नातवंडे आज अश्दोद व हैफा येथील बंदरांत आणि कारखान्यांत काम करतात. त्यांनी या गृहस्थांची चिकाटी जरूर घ्यावी, आणि नवा कारखाना निघेल तेव्हा वहीचे दुसरे पानही पहिल्याच दिवशी उघडावे, इतकेच आमचे सांगणे.