दोन कुस्त्यांमधला अर्धा तास

साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात किंवा सांगलीत कृष्णाकाठच्या रस्त्यांवर पहाटे नव्याने धावू लागलेल्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. पहिले दोन-तीन महिने वेग भराभर वाढतो आणि मग घड्याळ एकाच आकड्यावर अडून बसते. त्यावर उपाय म्हणून रोजच जोर लावून धावणे सुरू होते. पोटऱ्या भरून येतात, नडगी दुखू लागते आणि वेग वाढण्याऐवजी घटतो. मेहनत कमी पडलेली नसते. दोन मेहनतींच्या मध्ये हवी असलेली विश्रांती सुटलेली असते. या विश्रांतीचे मोल सातारा आणि सांगलीच्या दरम्यान, कराडजवळच्या गोळेश्वर गावात जन्मलेल्या एका पैलवानाला थेट ऑलिंपिकमध्ये कळले.

खाशाबा जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे कुस्तीचे धडे घरातच मिळाले. शाळा कराडची टिळक हायस्कूल, पुढचे शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. अंगापिंडाने ते लहानखुरे होते. त्यांची भिस्त ताकदीपेक्षा चपळाईवर आणि डावांवर असे.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. मातीत वाढलेल्या खाशाबांना मॅटची सवय नव्हती. मातीतली कुस्ती चीतपट होईपर्यंत चालू शकते, मॅटवर मिनिटे मोजलेली आणि गुणांचा हिशेब वेगळा. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. नव्या धावपटूचीही अवस्था अशीच असते. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत नव्या श्रमाला सरावतात, पण स्नायूबंध आणि हाडे यांना काही महिने लागतात. दम टिकतो म्हणून वेग वाढवला की दुखापत होते, ती याच तफावतीमुळे.

खाशाबांनी पुढची चार वर्षे सराव वाढवत नेला आणि वजनाचा गटही बदलला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले. प्रवासाच्या पैशांसाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डीकर यांनी तर राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. पुढे गाठ पडली ती जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव यांच्याशी. त्या दिवसाची नेहमी सांगितली जाणारी हकीकत अशी : इशींबरोबरची कुस्ती लांबली आणि ती संपते न संपते तोच मम्मदबेयोव यांच्याशी लढायला बोलावणे आले. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण तो दाखवून हरकत घ्यायला भारतीय पथकातले कोणी जवळ नव्हते. दमलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदकाचे मानकरी ठरले. इशींना सुवर्ण, मम्मदबेयोव यांना रौप्य मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

त्या अर्ध्या तासात शरीरात बरेच काही घडते. जोराच्या श्रमात स्नायूंमधला तयार ऊर्जेचा साठा काही सेकंदांतच सरतो आणि तो पुन्हा भरायला काही मिनिटे लागतात. रक्तात वाढलेले लॅक्टेट पूर्वपदावर यायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. सावकाश चालत राहिल्यास ते लवकर उतरते. स्नायूतंतूंना झालेली सूक्ष्म इजा भरून यायला मात्र काही दिवस जातात. दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते या इजेमुळे, लॅक्टेटमुळे नव्हे. ही दुरुस्ती होतानाच स्नायू पहिल्यापेक्षा बळकट होतात.

त्याच हेलसिंकीत चेकोस्लोव्हाकियाचे एमिल झाटोपेक यांनी ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. ४०० मीटर वेगात, मग २०० मीटर सावकाश, अशी असंख्य आवर्तने हा त्यांचा सराव होता. संथ धाव ही त्या सरावाचाच भाग होती.

नव्या धावपटूने झाटोपेक यांची आवर्तने मोजू नयेत, तत्त्व तेवढे घ्यावे. आठवड्यात तीन-चार दिवस धावणे पुरेसे आहे. त्यातले बहुतेक दिवस सोबत्याशी गप्पा मारता येतील इतक्या संथ गतीचे असावेत. एकच दिवस वेगाचा : दहा मिनिटे अंग गरम करून एक मिनिट वेगात धावावे, दोन मिनिटे चालावे आणि असे सहा वेळा करावे. दुसरा दिवस विश्रांतीचा किंवा चालण्याचा. घाटाची चढणही वेगाच्या दिवसातच मोजावी. झोप पुरेशी हवी. धावताना छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर थांबून डॉक्टरांना गाठावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी सुरुवातीलाच तपासणी करून घ्यावी.

पदक घेऊन परतलेल्या खाशाबांची १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. हेलसिंकीत न मिळालेला तो अर्धा तास आज पहाटे धावणाऱ्या प्रत्येकाच्या हाती आहे. तो फक्त घ्यायला हवा.